छोट्या ट्रॅक्टरची मागची बाजू

ट्रॅक्टर विकत घेताना माणसं तो पुढून बघतात. रंग बघतात, हॉर्सपॉवर विचारतात, तासाला डिझेल किती खातो ते विचारतात. जुना असेल तर टायर दाबून बघतात. मागे जाऊन, उकिडवं बसून, त्या दोन आडव्या दांड्या आणि त्यांच्या टोकाची भोकं बघणारं गिऱ्हाईक मी तरी क्वचितच पाहिलं. पण शेतात काम करतं ते हेच टोक. नांगर, रोटावेटर, ट्रॉली, मळणी यंत्र, सगळं तिथंच अडकवायचं असतं. ती जोडणी चुकली तर पंधरा हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर बागेत उभा करायच्या कामाचा उरतो. कधीकधी चालवणाऱ्याच्या अंगावरही येतो.

हे मला कळलं ते मामूंच्या दुकानामुळे. पेणला त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, शटर, पत्र्याची शेड हा मूळ धंदा. आपल्याकडे वेल्डिंग, गॅरेज, रेडिएटर या कामांत मुसलमान पोरं बरीच दिसतात. आयटीआयचा कागद थोड्यांकडे, बाकीच्यांकडे उस्तादाच्या शिव्या. मामू त्या दुसऱ्या शाळेतले. गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे छोटे ट्रॅक्टर यायला लागले आणि साठीच्या वयात त्यांनी नवीन काम शिकून घेतलं. मी लिहिणारा माणूस. सुट्टीत तिथं बसतो, चहा पितो, मागितला तो पाना पुढे करतो.

तर जोह्याचा एक ट्रॅक्टर. जोहे म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, आणि ते बरोबरच आहे. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घराघराला गणपतीचा कारखाना. अंगणात, पडवीत, ताडपत्रीखाली पांढऱ्या मूर्ती ओळीनं उभ्या असतात आणि तिथून टेम्पो भरभरून मुंबईला, पुण्याला, त्याही पलीकडे जातात. पण याच गावांना भातशेतीही आहे, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. हा खारेपाटाला लागून असलेला मुलूख. चिकण माती, छोटी छोटी खाचरं, चारी बाजूंनी बांध. पाच गुंठ्यांचं एक खाचर, आठ गुंठ्यांचं दुसरं, आणि मधे भावकीतल्या कुणाचं तिसरं.

२००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझला जमीन द्यायची की नाही यावर सरकारनं मतदान घेतलं होतं. महामुंबई सेझ शेवटी झालं नाही, जमीन राहिली. राहिलेली जमीन कसायची कुणी, हा प्रश्न मात्र मतपत्रिकेवर नव्हता. बैलजोडी वर्षभर पोसायची आणि महिनाभर वापरायची, हे परवडेनासं झालं. पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा मोठा ट्रॅक्टर खाचरात वळत नाही. वळला तर बांध फोडतो, आणि पावसात उतरवला तर रुततो. पॉवर टिलर चालतो, पण गुडघाभर चिखलात त्याच्यामागे दिवसभर चालायचं म्हणजे कंबर मोडते. मग उरतो मिनी ट्रॅक्टर.

त्यात जोह्यासारख्या गावाची आणखी एक अडचण. चिखलणी आणि लावणी येते जून-जुलैत. नेमका तेव्हाच गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला उसंत नसते. जी माणसं शेतात हवीत तीच डोळ्यांची आखणी करत बसलेली असतात. म्हणून ज्याचा कारखानाही आहे आणि दोन-अडीच एकर भातही आहे, त्याला वाचलेला एकेक दिवस मोलाचा. मामूंकडे आलेला गडी असाच. चाळिशीचा असेल. त्यानं नाशिककडून एक जुना मिनी ट्रॅक्टर आणला होता. तिकडे द्राक्षबागांत हे ट्रॅक्टर पुष्कळ चालतात, मागे फवारणीचा ब्लोअर लावून. बाग बदलली की माल विकायला निघतो.

त्याला एकाच ट्रॅक्टरला तीन गोष्टी जोडायच्या होत्या. जुलैत रोटावेटर. एरवी ट्रॉली, मातीची पोती आणि मूर्ती रस्त्यापर्यंत न्यायला. नोव्हेंबरात मळणी यंत्र.

(मुसलमान कारागिरानं गणपतीच्या कारखान्याची ट्रॉली दुरुस्त केली, याची कुणी कृपा करून बातमी करू नये. पेणला हे रोजचं गिऱ्हाईक आहे. त्याला एकोप्याचं उदाहरण बनवलं की उधारी मागायला संकोच वाटतो.)

मामूंनी आधी काय केलं, तर व्हर्नियर काढला आणि पिना मोजल्या. मागच्या जोडणीला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात: खाली दोन दांड्या, वर मधोमध एक, ती टॉप लिंक. या तीन ठिकाणच्या पिनांची मापं ठरलेली असतात, त्यांना कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी एकमध्ये खालची पिन २२ मिलिमीटर आणि वरची १९. कॅटेगरी दोनमध्ये खालची २८, वरची २५. सगळ्यात लहान ती कॅटेगरी शून्य, तिची पिन १६ मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकेत बंगल्यामागचं गवत कापायला जो बागेचा ट्रॅक्टर वापरतात, त्याला ही शून्य कॅटेगरी असते, नाहीतर त्याहून साधी एका पिनेची स्लीव्ह हिच. तितक्याच ताकदीचं यंत्र आपल्याकडे भातखाचरात उतरवतात, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या ट्रॅक्टरच्या दांड्या बागेसाठी आत घेतलेल्या, आणि गड्यानं स्वस्तात मिळवलेला रोटावेटर मोठ्या मापाचा. भोकं मोठी, पिन बारीक. अशा वेळी लोक काय करतात ते मी दुकानात उभं राहून पाहिलेलं आहे: पिनेच्या जागी बांधकामाची सळई तोडून घालतात आणि क्लिपच्या जागी तार पिळतात. भोकात पिन खडखडत राहते, भोक लांबोळकं होतं, आणि एक दिवस चिखलात रोटावेटरची एक बाजू सुटून चाकाखाली येते. मामूंनी बुश टर्न करून आणले, नव्या पिना आणल्या, रोटावेटरचे खालचे कान कापून आत घेतले. त्यात दीड दिवस गेला. गडी दर तासाला फोन करत होता.

रोटावेटर किती रुंद हवा, याचंही एक साधं गणित आहे. ट्रॅक्टरच्या दोन्ही चाकांचा माग त्यानं पुसला पाहिजे. अरुंद पडला तर चाकानं दाबलेली माती तशीच राहते. फार रुंद घेतला तर पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन चिकण मातीत गुदमरतं. या ताकदीला मीटरभराच्या आतबाहेरचा पुरतो.

खरी कुरबुर झाली ट्रॉलीवरून. ट्रॉली मोठ्या ट्रॅक्टरची होती, तिची पुढची दांडी उंच. छोट्या ट्रॅक्टरचा ड्रॉबार खाली. गड्याचं म्हणणं सोपं होतं.

“चाचा, वर टॉप लिंकच्या ब्रॅकेटपाशी एक हूक वेल्ड करून द्या. अर्ध्या तासाचं काम.”

“नाही होणार,” मामू म्हणाले.

“का? लोखंडाला लोखंड तर लावायचंय.”

“एक तर ते लोखंड नाही, बीड आहे. त्यावर वेल्ड मारला की बाजूनं चीर जाते. आणि दुसरं, ती जागा ओढायची नाहीच.”

गडी हट्टाला पेटला. म्हणाला, तुम्ही नाही केलंत तर दुसरीकडे करून घेतो. मामू म्हणाले, घे बाबा. आणि तो ट्रॅक्टर घेऊन गेलाही.

ती जागा ओढायची का नाही, हे समजून घ्यायला थोडं लांब, आयर्लंडपर्यंत जावं लागेल. हॅरी फर्ग्युसन नावाचा एक मेकॅनिक होता, १८८४ चा जन्म, बेलफास्टला भावाच्या गॅरेजमध्ये हात काळे केलेला. इतका नादिष्ट की १९०९ च्या ३१ डिसेंबरला स्वतः बनवलेल्या विमानातून उडाला. पहिल्या महायुद्धात त्याच्याकडे आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांवर देखरेख करायचं काम आलं, तेव्हा त्यानं एक गोष्ट पाहिली. त्या काळी ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी बैल. नांगर त्याला मागून साखळीनं बांधायचे. नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की चाक पुढे जाऊ शकत नसे, मग इंजिनची ताकद ट्रॅक्टरलाच मागच्या आसाभोवती फिरवायची. पुढची चाकं वर उचलली जायची आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटा पडायचा. १९१७ साली आलेला फोर्डसन ट्रॅक्टर तर यासाठी कुप्रसिद्ध होता.

फर्ग्युसननं त्यावर बसून तोड काढली. १९२६ च्या पेटंटनंतरही तो त्यात सुधारणा करत राहिला आणि तीन दांड्यांची जोडणी पक्की झाली. तिचं मर्म असं: खालच्या दोन दांड्या नांगर ओढतात आणि वरची दांडी ढकलते. नांगर जमिनीत अडला की तो पुढे कलंडायला बघतो, टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि त्याचं नाक खाली दाबलं जातं. म्हणजे जी ताकद आधी ट्रॅक्टर उलटवत होती तीच आता त्याला जमिनीला धरून ठेवते. शिवाय नांगराचं वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. छोटा ट्रॅक्टर ही वस्तूच या तीन दांड्यांमुळे शक्य झाली. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी त्याचा नुसता हात मिळवून व्यवहार झाला, १९३९ ला ही जोडणी असलेला फोर्ड ट्रॅक्टर निघाला. पुढे फोर्डच्या नातवानं तो करार मोडला, खटला झाला आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. कागद न करता व्यवहार करणाऱ्यांत असे थोडेच सुखरूप सुटतात. आपल्याकडच्या लाल मॅसी फर्ग्युसनवरचं नाव ते त्याचंच.

आपल्या बापजाद्यांना हे अगदीच नवीन होतं असंही नाही. बैलाच्या नांगराची हळस जुवाला कुठं बांधायची, जवळ की लांब, यावर नांगर किती खोल जाणार हे ठरायचं. आमच्या घरी रोह्याकडे भात होतं तोवर आजोबा वेठण सोडून पुन्हा बांधताना मी पाहिलेत. तेव्हा वाटायचं, उगाच चाळा करतात.

ट्रॉलीला मात्र फर्ग्युसनची युक्ती लागू होत नाही. ट्रॉली चाकांवर असते, तिला फक्त ओढायचं असतं, आणि तो ओढ मागच्या आसाच्या खालूनच घ्यायचा. आसाच्या वरून घेतला की पुन्हा ती जुनी साखळीवाली गोष्ट: भरलेली ट्रॉली चढाला मागे खेचते, ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहतो. मोठ्या ट्रॅक्टरला पुढे वजन तरी असतं. या छोट्यांचं पुढचं टोक मुळातच हलकं. माणूस क्लचवर पाय नेईपर्यंत वेळ गेलेली असते.

पुढचं टोक किती हलकं, ते मामूंच्या पुतण्यानं, जो डिप्लोमा करतोय, खडूनं शटरवर मांडून दाखवलं. समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातले ३२० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या-मागच्या चाकांत दीड मीटर अंतर. मागे २०० किलोचा रोटावेटर, त्याचा भार मागच्या आसापासून ९० सेंटिमीटर मागे. तो वर उचलला की पुढच्या चाकांवरचे १२० किलो कमी झाले, राहिले २००. हे सपाट जमिनीवर. आता हाच ट्रॅक्टर नाक वर करून बांध चढतो आहे असं समजा. स्टिअरिंग फिरवलं तरी चाक वळत नाही, ते यामुळे. ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे असा दंडक आहे, म्हणून पुढे वजनं लावतात. बांध ओलांडताना रोटावेटर जमिनीच्या जवळ ठेवायचा आणि बांध आडवा नव्हे, सरळ चढायचा.

चिखलात रुतल्यावरचं आणखी एक. आपली माणसं मागच्या चाकाला ओंडका बांधतात, म्हणजे चाक त्यावर चढून बाहेर येईल. चाकाला फिरायला जागा राहिली नाही की ट्रॅक्टर स्वतः फिरतो, मागे. रुतलं तर मागे घेऊन बघावं, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढावं. हे मामू प्रत्येकाला सांगतात, विचारलेलं नसलं तरी.

चार दिवसांनी गडी परत आला. त्याला पटलं होतं असं मला वाटत नाही. दुसऱ्या मिस्त्रीकडे शेडचं मोठं काम चालू होतं, त्याला वेळ नव्हता, इतकंच. मामूंनीही विषय काढला नाही. “ट्रॉली खाली आणू,” म्हणाले. ट्रॉलीची दांडी कापून तिला खाली उतरता गुडघा दिला, दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या, आणि तिचं टोक ड्रॉबारच्या उंचीला आणलं. ड्रॉबारचा ब्रॅकेट बीडाला वेल्ड न करता कंपनीनंच दिलेल्या भोकांत ८.८ लिहिलेल्या बोल्टांनी बसवला. ट्रॉलीचं वेल्डिंग करताना ती ट्रॅक्टरपासून सोडवून घेतली आणि बॅटरीची वायरही काढली, नाहीतर अल्टरनेटर जातो. दुपारी जुम्मा होता म्हणून काम दोन तास थांबलं. गडी तेवढ्यात भाजी घेऊन आला.

शेवटी राहिला पीटीओचा शाफ्ट, इंजिनची फिरकी मागच्या यंत्राला देणारा. याच्याबद्दल मात्र मामू आवाज चढवून बोलतात. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचं टोक ३५ मिलिमीटर जाड, एका फेऱ्यात ११ सेंटिमीटर कापड गुंडाळतं. सेकंदाला मीटरभर. जॉइंटचा जाड भाग पकडला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. लुंगीचं टोक, गळ्यातला गमछा, ओढणी, पदर; हात सोडवायला जाईपर्यंत माणूस आत गेलेला असतो. म्हणून त्यावर प्लास्टिकची नळी असते. ती खडखडते, ग्रीस भरताना आड येते, म्हणून लोक पहिल्याच मोसमात काढून फेकतात. नाशिकहून आलेल्या शाफ्टवरही नव्हती.

शाफ्ट नव्या यंत्राला जोडायचा तर बहुतेक वेळा कापावा लागतो. यंत्र वर-खाली करून सगळ्यात कमी अंतर कुठं येतं ते बघायचं आणि तिथंही दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहतील असा तो कापायचा. आतली नळी, बाहेरची नळी आणि वरची प्लास्टिकची, तिन्ही सारख्या. लांब राहिला तर रोटावेटर उचलताना तो गिअरबॉक्समध्ये घुसतो. फार आखूड झाला तर नळ्या एकमेकींत पुरेशा राहत नाहीत आणि चालू असताना सुटतो. तिसरा हिस्सा तरी आत हवा. पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे कान एका रेषेत यायला हवेत, नाहीतर थरथर थांबत नाही आणि लोक मग इंजिनला दोष देतात.

मळणीच्या वेळी गोष्ट आणखी नाजूक. रोटावेटरमागे कुणी उभं नसतं. मळणी यंत्राभोवती घरातली सगळी असतात: भारे आणणाऱ्या बाया, भात भरणारी पोरं. या यंत्रांनी इतके हात घेतले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्यात जखमी झालेल्याला भरपाईची तरतूद आहे. कायदा आहे हे कितीजणांना माहीत आहे, ते तुम्ही तुमच्या गावात विचारून बघा.

सरकारच्या कागदात या सगळ्याला ‘उपसाधने’ म्हणतात. समाजकल्याणच्या योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांना ९ ते १८ हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर ‘व त्याची उपसाधने’ मिळतात: कल्टिवेटर किंवा रोटावेटर, आणि ट्रेलर. साडेतीन लाखांची मर्यादा, त्यातला दहा टक्के वाटा गटाचा. ट्रॅक्टरबरोबर अवजारंही एकत्र द्यायची ही कल्पना मला शहाणपणाची वाटते, कारण नुसता ट्रॅक्टर अंगणात उभा राहतो. पण ती उपसाधनं जोडायची कशी, पिन कुठली, शाफ्ट किती कापायचा, हे शिकवायचं एक दिवसाचं काम कुठल्याच हप्त्यात धरलेलं नसतं. ते मामूंसारख्यांवर सोडलेलं आहे, आणि मामूंसारखे सगळे नाही म्हणतातच असं नाही. नाही म्हटलं की गिऱ्हाईक जातं, आणि दुकानाचं भाडं महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागतं.

जोह्याच्या गड्याला मामूंनी नवी प्लास्टिकची नळी लावूनच शाफ्ट दिला. पैसे देताना तो म्हणाला, “चाचा, हिचे पण लावलेत?”

“लावलेत. आणि मळणीला ती काढून आलास तर मी हात लावणार नाही.”

तो हसला. मग टॉप लिंक किती फिरवायची ते विचारलं. मामूंनी रोटावेटर जमिनीवर टेकवला, त्याची गिअरबॉक्स सपाट आल्यावर लिंकच्या उघड्या राहिलेल्या आट्यावर पिवळ्या रंगाची खूण केली आणि म्हणाले, चिखलणीला इथंच ठेव, नांगर लावलास तर परत ये. साखळ्या दोन्ही बाजूंच्या घट्ट करून दिल्या. ट्रॅक्टर रोटावेटर उचलून हायवेच्या दिशेनं गेला. ट्रॉली न्यायला तो दुसऱ्या दिवशी येणार होता.